मोजणी

वाचनालयाची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही बसते.
आन्कुदमध्ये संध्याकाळचे सात, काचांवर खारट पुटं,
आणि तिसऱ्या संगणकापुढे एलेउतेरिओ कार्कामो,
एकतीस वर्षं फेरीबोटीवर गाड्या मोजलेला माणूस.
ते पोलादी यंत्र अजून खिशात आहे.
अंगठ्यानं दाबायचं : टिक्, ट्रक.
टिक्, मेंढ्यांची गाडी. टिक्, कुणाचं तरी वऱ्हाड.

पूल झाला की बोट बंद.
मुलीनं पोर्तो मोन्तहून चिठ्ठी धाडलीय,
पपा, रिअ‍ॅक्टपासून सुरुवात करा.
घडी करून त्यानं ती टोपीत ठेवलीय.

पहिल्या संध्याकाळी नुसतं सामानच उतरत राहिलं,
हजारो फायली, एका बटणासाठी.
"एवढं ओझं," तो म्हणाला, "मी बोटीवर चढू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी महिरपी कंस सापडेना.
तो सापडला, तर पडदा कोरा.
तासाभरानं कळलं : कंपोनन्टच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं हवं,
नाहीतर ते त्याला ओळखतच नाही.
"बरोबर आहे. मलाही कुणी 'ए' म्हटलं तर मी वळत नाही."

मग धड्यातला पहिला सराव :
एक बटण, एक आकडा. दाबलं की एकानं वाढायचा.
मी हसले. तो हसला नाही.

दाबलं. शून्य.
पुन्हा. शून्य.
आत आकडा वाढत होता, मी तपासलं,
चार, पाच, अकरा,
वर पडद्याला पत्ताच नाही.
धड्यात लिहिलं होतं, नुसतं बदलून भागत नाही,
बदललंय हे सांगावं लागतं,
तेव्हाच तो नव्यानं रेखाटतो.
ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं, ओठ हलवत.
"रोसाउरा गेली त्या दुपारी मी बोटीवरच होतो.
कुणाला बोललो नाही.
एकशे चाळीस गाड्या मोजल्या."

शेगडीत लाकूड तडकलं.

एकेक अक्षर शोधत त्यानं युजस्टेट लिहिलं.
दाबलं.
एक.

मग यंत्र काढून टेबलावर ठेवलं,
डावा अंगठा त्यावर, उजवा हात माउसवर,
दोघं बरोबर चालतात का पाहत बसला.
बेचाळीसला यंत्र अडकलं, जुनं आहे.
पडदा पुढे गेला.

नऊला दार लावायचं असतं.
त्यानं पान रिफ्रेश केलं, आणि परत शून्य.
"हे काय?"
"लक्षात कसं ठेवायचं, ते उद्या," मी म्हटलं.
मलाही अजून येत नव्हतं.