अर्थ सुटलाय

इंजिन बंद असलं की आवाज नाही,
हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं,
डॉक्टरला सांगतात तसं, झोपेत खोकला नसतो.
दामोदर मडकईकर, पेट्या दुरुस्त करणारे.
पंधरा वर्षांची अल्टो, मागच्या सीटवर
टॉवेलात गुंडाळलेली एक हार्मोनियम, भाता काढलेला.

"किल्ली फिरव. आता ऐक."
भजनाच्या मागे बारीक कुंई. मी पाय दिला, ती चढली.
"ही काळी दोन. दे आणखी. हां, पांढरी पाच."
डोळे मिटलेले, एक बोट डॅशबोर्डवर.
"सोडलास की मींड घेत उतरते बघ.
वाईट गात नाही रे.
पण हिला बोलावलं कोणी?"

कुर्टीच्या नाक्यावर एकोणीस वर्षं बसतोय मी.
गिऱ्हाइकं सांगतात, घूं करतं, चीं करतं,
आत माशी अडकलीय.
पट्टी सांगणारा हा पहिलाच.

इनासने तोवर फिल्टरचं खोकं फोडलं होतं.
राव मरे, म्हटलं,
फिल्टर म्हणजे वास येतो म्हणून नाकात कापूस.
आधी उंदीर कुठे मेलाय तो बघू.

अँप्लिफायरच्या मागच्या पिना उपटल्या,
कुंई गेली.
परत खोचल्या, आली.
म्हणजे स्पीकर निर्दोष, बिचारे
जे कानात पडतं तेच बोलतात.
कार्पेट उचललं.
गेल्या पावसाचं पाणी, एक काजूची बी, पन्नास पैसे,
आणि बॅटरीची जाडी लाल वायर
गाण्याच्या वायरीला चिकटून निजलेली, बोनेटपासून डिकीपर्यंत.
ज्याने बसवली त्याला शिवी देणार होतो,
मग गाठीची टेप ओळखीची वाटली.
बोललो नाही.
गाण्याची वायर उजव्या दाराकडून फिरवली.

कुंई निम्मी झाली. निम्मी उरली.

मीटरचं एक टोक बॅटरीला, एक अँप्लिफायरच्या काळ्या वायरीला,
इंजिन चालू.
काटा शून्यावर पडून राहायला हवा,
तो अर्ध्या व्होल्टवर थरथरतोय.
"काय निघालं?" त्यांनी विचारलं.
"अर्थ सुटलाय."
ते इतके हसले की खोकला आला.
"आमच्यातही सुटतो. शब्द मात्र चालूच राहतात."

सीटच्या बोल्टखाली निळा रंग, रंगाखाली गंज.
पॉलिश पेपरने घासत राहिलो,
घाम नाकावरून पत्र्यावर, पुसला, पुन्हा घासलं,
नखाएवढा पत्रा पांढरा चमकेपर्यंत.
दातेरी वॉशर. वायर वीतभर कापून आखूड केली.
करकचून आवळली.

आता पाय दिला तर फक्त इंजिन, आपल्या जागी, बोनेटखाली.
आत भजन.
म्हार्दोळच्या कुठल्याशा रात्रीचं, कोणी खाकरतं, कोणाच्या
झांजेचा दोरा सैल आहे हेही कळावं इतकं स्वच्छ.
इनास माझ्याकडे बघून हसला.
मी मडकईकरांकडे बघितलं.
ते हसत नव्हते.

बोटाने मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे.
"धैवत उतरलाय."
मला काही कळलं नाही. मी म्हटलं, वाजवणाऱ्याचा हात असेल.
"हात बरोबर आहे. पेटी मी लावलेली.
चवथीच्या आदल्या दिवशी, घाईत."
थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"अकरा वर्षं ऐकतोय हे गाडीत."

सहाशे झाले. सातशे दिले, सुटे घेतले नाहीत.
जाताना बाकावरचा पॉलिश पेपरचा तुकडा उचलला,
अंगठ्याने त्याची धार बघितली,
"नेऊ?" म्हणाले. रीडच्या टोकाला हलकं घासलं
की सूर चढतो, असं काहीतरी पुटपुटत
शर्टाच्या खिशात घातला.

फोंड्याच्या वळणापर्यंत गाडी दिसत होती.
गाणं लावलं नव्हतं.
इनास फिल्टरच्या खोक्याला परत टेप लावत होता,
तीच टेप.