खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या

डिसेंबरची वीस तारीख उलटली
की माझी भट्टी माझी राहत नाही.
कॅम्पातून, टिळकवाडीतून, पार अनगोळहून बायका येतात,
कालवलेलं पीठ पत्र्याच्या डब्यांत,
वर ओला फडका, फडक्यावर चिठ्ठी.
मराठीत, कानडीत, शहनाजची उर्दूत,
आणि डबे घासणाऱ्या निंगव्वाची चिठ्ठीच नाही,
डब्याच्या कडेला नुसतं हळदीचं बोट.
"अक्षर कशाला? माझी हळद तुला वळखत न्हाई व्हय?"
चिठ्ठ्या मी खिळ्याला अडकवतो,
डबे आत जातात त्याच क्रमानं.
तो क्रम फक्त मला ठाऊक.

रविवारचा दुसरा धडा मला वाचायचा होता.
पाळकसाहेब महिन्यापूर्वीच म्हणाले होते,
"ख्रिस्तदास, यंदा सबब नको."
मंगळवारी कॅरलची फेरी, बुधवारी मंडळीचा हिशेब,
तरुण संघाला दोनशे बन. फुकट, हे धरलेलंच.
सुलभा म्हणते, नाही म्हणायला शिकला असता
तर छपरावर नवा पत्रा असता.
होय की.

अठराव्या वर्षी, एका मेळाव्यात
कुणीतरी विचारलं, सेवेला कोण जाणार?
माझा हात माझ्या आधी वर गेला.
आई रडली.
वडील एवढंच म्हणाले, उद्या पहाटे पीठ कोण मळणार?
तो हात पुरता खाली आलाय असं मला वाटत नाही.
लांब दांड्याचं फावडं धरून
भट्टीच्या तोंडाशी तो अजून
अर्धा वर.

शनिवारी रात्री दोनला शेजारचा भरमा आला.
पायात चप्पल नाही.
"आई गेली."
आत चौतीस डबे.
माझ्या आईला शेवटची अंघोळ
ह्याच यल्लूबाईनं घातली होती,
तिच्या भावकीतल्या कुणी तोंड वाकडं केलं तरी.
मग विचारायचं काय उरलं?
निंगव्वानं पाट ओढला, भट्टीपुढं बसली.
"होग्री, ना नोडकोतेनि."
भट्टीतलं तिला ओ का ठो कळत नाही.
मी गेलो.

उजाडताना सदाशिवनगरच्या स्मशानात
लाकडं रचायला मी हात लावला,
आणि सवयीनं खाली वाऱ्याला वाट ठेवली.
भरमाचा मामा बाजूच्याला म्हणाला,
ह्याला आग कळते.

चर्चला पोचलो तेव्हा धडा संपत आला होता.
माझ्या जागी थॉमसची पोर, अभिलाषा,
एका गावाच्या नावाला दोनदा अडखळली.
माझ्याहून बरं वाचलं असं नाही.
पण वाचलं.
मी मागच्या बाकाशी उभा,
दोनदा अंघोळ करूनही अंगाला धूर, आणि धुराखाली वेलदोडा.
पाळकसाहेबांनी वर बघितलं, मग पुन्हा पुस्तकात.
त्यातून काय समजायचं ते मला अजून समजलेलं नाही.

दुपारी दुकानात चौतीस डबे, एकही कुणाचा नाही.
निंगव्वानं आपल्या मनानं काढले होते,
चिठ्ठ्या खिळ्यावर तशाच.
मग बायकांनी कोपरे मोडून बघितले.
हा माझा, यात रवा आहे.
हा शहनाजचा, केशर सांगतंय की.
हा कुणाचा गं, साखर विसरली वाटतं?
बराच वेळ कुणी कबूल होईना.
दोन करपले होते.
एक सोन्सबाईंचा. त्यांनी पैसे मागितले,
आणि ते बरोबरच होतं.
दुसरा आमच्या घरचा.
निंगव्वाचा डबा मात्र सोन्यासारखा निघाला होता.

रात्री सुलभा सुरीनं काळं खरवडत बसली,
पोरं खालचं खात होती.
भरमाच्या घरी भाकरी पोचवून आलो
तर दारात अभिलाषा उभी, हातात चिठ्ठी.
नाताळच्या सकाळचा धडा. पाळकसाहेबांचं अक्षर.
खाली एक ओळ: उशीर झाला तरी चालेल, या.

मी ती खिळ्याला अडकवली,
उद्याच्या डब्यांच्या चिठ्ठ्यांतच.
कितव्या क्रमानं, ते बघितलं नाही.