समास

साताऱ्यात तहसील कचेरीच्या भिंतीला पाठ लावून
माझं टेबल. एका पायाखाली विटेचा तुकडा.
शेजारी झेरॉक्सवाला, त्याच्याकडे संगणक,
रांगही त्याच्याचकडे.
माझ्याकडे येतात ते, ज्यांना
लिहिण्याआधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं.

चंद्रभागा दुदुस्कर, राहणार रहिमतपूर,
धंदा पिठाची गिरणी.
चौथ्यांदा आली, भुवयांवर तेच ज्वारीचं पीठ.
पिशवीतून लखोटा काढला.
'वाचा. लई गोड लिवलंय म्हणत्यात.'

मुंबईचं उत्तर, लोकआयुक्तांकडचं. कागद जाड, पांढराशुभ्र.
घटनेला बारा महिने उलटून गेल्याचे दिसते.
शिवाय गटाराचा ठराव सभागृहाचा,
तो योग्य की अयोग्य हे या कार्यालयाने पाहावयाचे नाही.
शिवाय त्याच गटाराबाबत तिऱ्हाइताचा दावा न्यायप्रविष्ट.
सबब प्रकरण कार्यकक्षेबाहेर, दप्तरी दाखल.

'दप्तरी दाखल म्हंजी?'
'ठेवून दिलं.'
'कुठं?'
मला खरंच माहीत नव्हतं.

नकाशात गटार सरळ आहे. नक्कल मीच मागवली होती.
जागेवर ते उपाध्यक्षांच्या मेव्हण्याच्या प्लॉटपाशी येतं,
ओळखीचं माणूस दिसावं तसं अंग चोरतं
आणि गिरणीच्या उंबऱ्याखालून जातं.
पट्ट्याच्या खड्ड्यात पाणी, पोत्यांना खालून बुरशी.

बारा महिने कुठे गेले म्हणाल तर
पाच गेले, साहेब दौऱ्यावर.
चार गेले, अर्ज नगरपालिकेकडे वर्ग.
उरलेले ती खाटेवर होती, पाय प्लॅस्टरमध्ये.
घसरली कुठे, ते अर्जात लिहू नका म्हणाली,
लोक हसतील.

मला वाटलं शिव्या देईल.
घडी घालत म्हणाली,
'त्यो मानूस वाईट न्हाई वो.
त्येच्या हातात न्हाई, पन त्यो तसं सांगतो तरी.
हितल्यांच्या हातात हाय, त्ये सांगत न्हाईत.'
मग, 'आता एक कागद पाण्याला करा.
म्हनावं, तुजी बी हद्द बघून घे.'
मी हसलो. ती हसली नाही.

टाइपरायटरची घंटी ओळ संपायच्या थोडी आधी वाजते.
सांभाळ, समास आला.
चाळीस वर्षं त्या घंटीवर मी शब्द तोडत आलोय.
पण कोपऱ्यात एक कळ असते,
दाबली की गाडी समासाच्या पुढे सरकते.
परीक्षेत तिचे गुण कापायचे.

तीन कार्बन घातले. नवा अर्ज, जुनंच नाव.
घटनेचा दिनांक, या रकान्यात
मागच्या वेळी आम्ही पहिला दिवस लिहिला होता, इमानदारीत.
'आज सकाळी किती होतं?'
'घोट्यापतूर.'

लिहिलं, आजचा दिनांक. पाणी आजही
घंटी वाजली.
कळ दाबली.
आत आले आहे.

टिकेल का, ठाऊक नाही.
तिनं वीस रुपये ठेवले, सुट्टे,
नोटांनाही पीठ.