गुरुवारपर्यंत कळवा

रुवीतल्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ मारून बसले आहे.
डावीकडे दोहा, उजवीकडे मस्कत.
एकवीस वर्षं पतसंस्थेत काढली,
जमा आणि नावे यांच्यापलीकडे
जगाची मांडणी मला येत नाही.

दोहा : पगार जास्त. भाडंही.
शाळेची बस पहाटे साडेपाचला.
मस्कत : पगार थोडा कमी,
पण खिडकीतून डोंगर दिसतात,
गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखे,
एकही झाड नसलेले.
डोंगर कुठल्या रकान्यात लिहू,
श्रीरंगला विचारलं.
तो म्हणाला, शेरा म्हणून लिही.

कराडहून वन्संचा फोन :
कुठेही जा गं, पळसाला पानं तीनच.
खरंच आहे. आम्हीही तीनच.

निषाद, दोह्यात काय आवडलं?
"ठीक होतं."
आणि इथे?
"ठीक आहे."
आवाज फुटतोय त्याचा,
एका वाक्यात दोन माणसं बोलतात,
म्हणून असेल,
वाक्यंच तोडून लहान केलीत त्याने.

सकाळी शाळेत गेलो.
ऑफिसातल्या सूसम्मा मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
दहावीत एकच जागा आहे, बदलीचं पत्र लागेल.
श्रीरंगने फी विचारली.
मी मैदान विचारलं
(आहे. वर पत्रा, खाली हिरवं रबर).
मग निषादने तोंड उघडलं :
"बाबांची नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं?"

मॅडमनी स्टेपलर उचलला, परत ठेवला.

हे तर आम्ही रात्री,
तो झोपल्यावर,
बाथरूमचा पंखा चालू ठेवून बोलत होतो.

संध्याकाळी मत्राहच्या किनाऱ्यावर.
ऊद, मासळी, डिझेल.
धक्क्याला एक पांढरं जहाज, इमारतीएवढं,
फक्त इमारतीला निघून जाता येत नाही.
श्रीरंग लांब उभा राहून त्याचा फोटो काढत होता,
नेहमीसारखा वरचा भाग कापून.
कठड्यावर आम्ही दोघं, करक चहाचे कागदी कप.
"आई, ती रेघ माझ्यासाठी मारलीयस ना?"
वही पर्समध्ये होती. याने कधी पाहिली?
"मी तीनच वर्षं आहे.
बारावी झाली की कॉलेजला पुण्याला, नाहीतर कुठेतरी.
मग तुम्ही दोघंच.
तुम्हाला कुठे बरं वाटेल ते बघा ना."

बेरीज चुकली नव्हती.
खातंच भलत्याच्या नावे उघडलं होतं मी.

मग ते गाव पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.
दुपारी दीड ते चार दुकानं बंद असतात,
तेव्हा बायका इथे काय करतात?
पायी जाऊन भाजी आणता येते का?
समोरच्या दाराची बेल वाजवायला
निमित्त लागतं की नुसतं वाजवलं तरी चालतं?
श्रीरंग घरी आल्यावर पहिला अर्धा तास बोलत नाही,
तो अर्धा तास
कोणत्या शहरात कमी लांब वाटेल?
एकाही प्रश्नाचा आकडा होत नव्हता.
रात्री वही उघडून शेऱ्यात एवढंच लिहिलं :
दूध अर्धा लिटर पुरेल.

बापाची वहाण पोराला आली
की त्याला विचारून चालावं, म्हणतात.
आमच्याकडे कधीच आली होती,
विचारायचं तेवढं राहिलं.

आज सकाळी श्रीरंग पाव आणायला खाली उतरला
तो निषादच्या चपला घालून.
दोन्ही जोड काळे, दोन्ही नऊ नंबर.
परत आला, दाराशी काढल्या,
दोह्याच्या माणसाला फोन लावत आत गेला.
त्याला कळलंही नाही.

निषादला कळलं.
तो काही बोलला नाही,
पायाच्या बोटाने हळूच सरकवून
ज्याच्या त्याच्या जागी लावल्या,
आणि अजून गरम असलेल्या पावाचा
एक कोपरा तोडून
माझ्यासमोर धरला.