बादली आणि कॅलेंडर

अमेरिकेतलं नव्हे, दुसरं बोस्टन.
इंग्लंडातलं, कोबीच्या शेतांचं, इतकं सपाट
की वाऱ्याला अडायला एका चर्चचा मनोरा सोडून काही नाही.
तिथल्या वृद्धाश्रमात मी रात्रपाळी करते
आणि मधल्या सुटीत, धुलाईच्या खोलीत,
ब्लीचच्या बाटलीला फोन टेकवून
इंग्रजी शिकते.

शिकवणारा टकला आहे.
बायको व्हायचं असेल तर डोक्यावर पोछा घेतो,
सासू व्हायचं तर तोच पोछा, ओला.
एका मिनिटात तीनदा पडतो
आणि दर पडण्यामागे एक वाक्प्रचार.
केक खाता खाता परीक्षा पास होतो: म्हणजे हातचा मळ.
पिशवीतून मांजर निसटतं: म्हणजे बिंग फुटलं.
कापसाची कुत्री-मांजरं वरून टकलावर आदळतात:
म्हणजे पाऊस.
एका कानात इयरफोन घालून मी हसते,
दुसरा कान घंटीसाठी मोकळा.

अकरा नंबरची घंटी मिस्टर टनर्ड यांची.
चाळीस वर्षं शेतांतलं पाणी उपसायच्या पंपावर काढलेली.
"बाहेर कुत्री-मांजरं पडतायत,"
पडदा ओढताना मी म्हटलं, घोकून ठेवलेलं, पहिल्यांदाच.
त्यांनी चष्मा शोधला. खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हालिना, असं आता कुणी म्हणत नाही गं.
माझी आई म्हणायची, तीही पाहुण्यांसमोर.
पाऊस पडतोय म्हण. पुरे."

माझा चेहरा उतरला असावा.
"तुमच्या पोलंडात काय पडतं?"
बादलीने ओततं, मी म्हटलं.
"बादली? आमच्यात तर ती मरायला लागते!"
ते मला ठाऊक होतं. भाग सत्तेचाळीस.
टकला बादलीला लाथ मारतो, आडवा होतो,
छातीवर प्लॅस्टिकचं फूल.
आमच्यात लाथ कॅलेंडरला मारतात, मी सांगितलं.
ते इतके हसले की मला पाण्याचा ग्लास धरावा लागला.
"कॅलेंडरला! ते तर भिंतीवर असतं.
या गुडघ्यांनी?"

तेव्हापासून रोज रात्री गोळ्यांबरोबर एक.
माझ्याकडून त्यांनी नाकातल्या माशा घेतल्या:
रुसलेल्या माणसाच्या नाकात आमच्याकडे माशा असतात.
सकाळच्या नर्सला ते म्हणाले,
"आज माझ्या नाकात माशा आहेत, नाश्ता नको."
तिने फाइलीत नोंद केली: नाक तपासणे.

फेब्रुवारीत, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
मी कूस बदलायला गेले तर
बदलायला कुणी नव्हतं.
खिडकी उघडली, आमच्यात उघडतात.
वळले तर पंपाच्या कंपनीचं कॅलेंडर
भिंतीवर वाकडं झालेलं.
माझाच खांदा लागला असणार.
सरळ करायला हात उचलला,
आणि राहू दिलं.

मुख्य नर्स वरच्या मजल्यावर अडकलेली. पुतणीला फोन मी लावला.
घंटा वाजत होती तेवढ्यात
डोक्यात तो टकला येऊन उभा राहिला, एक पाय उचलून.
मी त्याला जा म्हटलं. जाईना.
मेले, हा शब्द मला येत होता,
पण तो तर कोंबडीला चालतो, फोनच्या बॅटरीलाही.
शेवटी टेबलावर चिकटवलेल्या कागदावरचं वाक्य वाचलं,
शांतपणे गेले,
परीक्षेत वाचतात तसं, शेवटचं अक्षर न गिळता.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तिने विचारलं, "काही म्हणाले का?"
नाही.
"तेव्हा काय... म्हणजे, कसं होतं तिकडे?"

पाऊस पडत होता, मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "इकडेही."