उशिराचा दंड

पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे:
हे आम्हीच शिकवलेलं, सहा वर्षांपूर्वी,
लेसोथोच्या या डोंगरात,
फळ्यावर चित्रं काढून.

संस्थेची जीप नंतर वर चढली नाही.
आज मी आले, मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन.
घाटात बर्फ होतं.

एक किल्ली थाकानेच्या गळ्यात,
एक लिनेओच्या रुमालाच्या गाठीत,
तिसरी मामोखेलेच्या लेकीकडे.
आई मार्चमध्ये गेली. किल्ली तिला आपसूक नाही मिळाली,
हात वर करून दिली सगळ्यांनी.

कुणी उठलं नाही.
घोंगडी सावरत थाकाने म्हणाली,
"वीस मिनिटं उशीर. दोन मालोटी."

मी हसले.
त्या हसल्या नाहीत.

नाणी ताटलीत वाजली.
वहीत माझं नाव पडलं, जरासं चुकलेलं,
कुणाच्या तरी बकरीच्या कर्जाखाली.

फॉर्म मी मांडीखाली सारला.
पेरणीआधी पैसे कुणाला, यावरून
भांडण केव्हाच सुरू झालं होतं.