तोड

धारूरच्या तालमीत मैनोद्दीन वस्ताद
पहिली दोन वर्षं डावच शिकवायचे नाहीत.
धरायला काय, म्हणायचे, कुत्रंबी धरतं.
सुटायचं कसं ते बोल.

आमच्या रानाची माती काळी,
मे महिन्यात पाऊल गिळणाऱ्या भेगांची.
हौद्यातली तांबडी ट्रॅक्टरनं आणलेली,
ताक पाजून, हळद चारून, गोडं तेल मुरवून
मऊ केलेली.
टँकरच्या सालातही पहिली घागर तिला,
मग आम्हाला.

मनगट धरलं त्यानं?
चार बोटं एका अंगाला, अंगठा बिचारा एकटा.
तिकडून निघ.
भिंतीला धडका कामून देतूस,
दार बघ की कुठं हाय.

मागून कव घातली?
जड हो.
डबऱ्यात बसलेल्या म्हशीवानी जड.
म्हशीला कुणी उचललंय का रं आजवर?
मग करंगळी धर त्याची. एवढा मोठा गडी,
पर राहतो करंगळीत.
फडात नको, पंच बाद करंल.
बाहेर कुठं असतो पंच?

हे शेवटचं त्यांनी मुलींच्या शाळेतही शिकवलं,
शनिवारी, दप्तरं भिंतीशी लावून.
पोरींनी एकमेकींना धरायचं,
वस्ताद दारात, तोंड व्हरांड्याकडं.
लाजायचे. मागं वळून बघायचे नाहीत.
नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायचे:
तिसरी जोडी, टाच उचलली तुमची.

आणि मान सापडली तर?
हनुवटी छातीला, तोंड त्याच्या कोपराच्या घडीत.
तिथं मुठीएवढी हवा असती.
तेवढ्यावर लई दिवस निघतात.

मी खाली सापडलो जत्रेत.
नारळावरची कुस्ती, आष्टीचा दशरथ ढोबळे,
त्याची छाती माझ्या पाठीवर उखळासारखी,
पायात पाय घालून सवारी भरलेली.
हलगी कडाडत होती, का माझं कानशील, कळेना.
नाकात माती. डोळ्यासमोर
फक्त त्याच्या मनगटावरचा काळा दोरा.
काठावरून वस्ताद एकच शब्द ओरडत होते:
दम!

दम धर म्हणत होते का दम घे?
का दशरथला दम देत होते?
विचारायला तोंड मोकळं नव्हतं.
मी तिन्ही केलं.
कोपरं बरगडीला चिकटवली, श्वास पोटात नेला,
आणि मनातल्या मनात
दशरथच्या सात पिढ्यांना दम भरला.

मग कधीतरी त्याला वाटलं, मी संपलो.
त्याची मांडी बोटभर सैलावली.
तेवढीच.
आधी कंबर निघती, वस्ताद सांगायचे,
माणूस मागून येतो.
कंबर निघाली. मागून मी आलो.
उभं राहिलो तेव्हा
लांगेतून माती गळत होती नुसती.

जिंकलो नाही. पंचांनी बरोबरीत सोडवली.
नारळ जाग्यावरच फोडला, अर्धा अर्धा.
दशरथनं त्याच्या वाटचं खोबरं
मलाच दिलं, का ते विचारलं नाही.

परवा अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात
वस्तादांची उजवी बाजू गेलेली,
डोळे छताच्या पंख्यावर.
सिस्टर सलाईन लावायला वाकली
आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरलं त्यांनी.
धरलं ते सोडेनात.
वॉर्डबॉय आला, बोटं उपसू लागला,
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.
अहो चाचा, अहो चाचा, म्हणत
मीही आधी उगाच ओढत राहिलो,
भिंतीला धडका.

मग आठवलं.
तिचा हात माझ्या हातात घेतला,
अंगठ्याच्या बाजूला वळवला. बस.
सुटली.

मनगट चोळत सिस्टर म्हणाली,
ह्यांना खायला काय घालता हो?

वस्तादांनी पंख्यावरून नजर काढली,
माझ्यावर आणली, हळूहळू,
आणि चालत्या अर्ध्या तोंडानं म्हणाले:
उशीर केलास.